मीटरचा आकडा आणि गाडीची अवस्था : जास्त धावलेल्या जुन्या मोटारीविषयीचे गैरसमज

नुकताच वाहनपरवाना मिळालेला तरुण पहिली मोटार घ्यायला निघतो, तेव्हा त्याच्या खिशाला परवडणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या लाखाच्या आसपास किंवा लाखापलीकडे धावलेल्या असतात, आणि घरातून, मित्रांकडून व दलालांकडून त्याला मिळणारे बहुतेक सल्ले मीटरवरच्या आकड्याभोवतीच फिरत राहतात. हा आकडा निरुपयोगी आहे असे नाही. परंतु गाडीसंबंधीच्या सगळ्या माहितीत सर्वांत सहज बदलता येणारी माहिती तीच आहे, आणि आकडा अगदी खरा असला तरी गाडी कशी वापरली गेली व तिची निगा कशी राखली गेली याविषयी त्यातून फारच थोडे कळते. चांगल्या गाड्या नाकारल्या जाणे आणि वाईट गाड्या चढ्या भावाने विकल्या जाणे, या दोहोंचे मूळ बव्हंशी येथेच आहे.

लाख किलोमीटर म्हणजे इंजिनाचा शेवट

हा समज निराधार नव्हता, तो कालबाह्य झाला आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात इंजिन उघडून सिलिंडर 'बोअर' करणे, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कातून त्यात मोठ्या मापाचे पिस्टन बसवणे, हे गॅरेजमधले नित्याचे काम होते. शिवाय अनेक जुन्या गाड्यांचे मीटर पाच आकड्यांचेच असल्याने ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येत, आणि लाख हा आकडा मनात सीमारेषेसारखा बसला. त्यानंतरच्या काळात धातू, वंगणतेल, कारखान्यातील मापांची अचूकता आणि संगणकनियंत्रित इंधनपुरवठा यांत इतका फरक पडला आहे की वेळेवर तेल बदललेल्या साध्या पेट्रोल इंजिनाने दोन लाखांचा पल्ला गाठणे ही नवलाईची गोष्ट उरलेली नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा असा की इंजिनाची झीज अंतरापेक्षा ते किती तास चालले आणि किती वेळा थंड अवस्थेत सुरू झाले यांवर अधिक अवलंबून असते, कारण रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनातील तेल खाली उतरलेले असते आणि सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत धातूवर धातू घासतो. नाशिक-मुंबई महामार्गावर सरासरी ताशी ६० किलोमीटर वेगाने १,२०,००० किलोमीटर धावलेल्या गाडीचे इंजिन २,००० तास चाललेले असते. उलट पुण्याच्या वाहतूककोंडीत सरासरी ताशी १५ किलोमीटरने ६०,००० किलोमीटर कापलेल्या गाडीचे इंजिन ४,००० तास चाललेले असते. म्हणजे मीटरवर निम्मा आकडा असलेली गाडी इंजिनाच्या दृष्टीने दुप्पट वापरलेली असू शकते, आणि क्लच, ब्रेक व गिअर यांचा विचार केल्यास ही तफावत आणखी वाढते.

कमी धावलेली गाडी म्हणजे चांगली गाडी

या समजुतीला जोडूनच असे मानले जाते की मीटर मागे फिरवण्याची जुनी चलाखी डिजिटल मीटर आल्यावर संपली. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. यांत्रिक मीटरची चाके फिरवायला ते उघडावे लागे आणि आकडे वेडेवाकडे बसले की लबाडी उघडी पडे. डिजिटल मीटरमधील नोंद मात्र एका छोट्या स्मृतिचिपमध्ये असते आणि ती एखाद्या उपकरणाने थोड्या वेळात पुन्हा लिहिता येते, मागे खूणही उरत नाही. काही गाड्यांत हीच नोंद इंजिन, गिअरपेटी किंवा एअरबॅग यांच्या नियंत्रकांतही स्वतंत्रपणे साठवलेली असते, त्यामुळे निदानयंत्र जोडल्यावर विसंगती सापडू शकते. परंतु सर्वांत भरवशाचा पुरावा अजूनही कागदी आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसी क्रमांकावरून मिळणाऱ्या नोंदींत प्रत्येक भेटीची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर लिहिलेले असतात, आणि २०२१ साली ८८,००० दाखवणारी गाडी आज ६२,००० दाखवत असेल तर पुढच्या तपासणीची गरज उरत नाही. कागद नसतील तेव्हा गाडीच्या अंगावरच्या खुणा पाहाव्या लागतात : ब्रेक आणि क्लच यांच्या पायपट्ट्यांवरील रबराच्या रेघा पुसल्या गेल्या आहेत का, स्टिअरिंगचे चामडे गुळगुळीत होऊन चमकते आहे का, चालकाच्या आसनाची दाराकडची कड बसली आहे का. चाळीस हजार किलोमीटरच्या गाडीत हे तिन्ही दिसू लागले, तर संशय घेणे रास्त ठरते.

मीटर खरा असूनही गाडी वाईट निघण्याचा प्रकार वेगळाच आहे. वर्षानुवर्षे इमारतीखाली उभ्या राहिलेल्या गाडीतील रबरी सील कडक होतात, ब्रेकच्या तकट्या गंजतात, उंदीर तारा कुरतडतात, आणि हवेतील ओलावा शोषून घेण्याचा गुणधर्म असलेले ब्रेकचे तेल न बदलता तसेच राहिल्यास त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. कोकणपट्टी आणि गोवा येथील खाऱ्या हवेत हीच गाडी खालच्या बाजूने, दिसणार नाही अशा जागी सडत जाते. पुरात बुडालेल्या गाडीच्या मीटरवर तर पुराचे काहीच उमटत नाही. मुंबईतील २६ जुलै २००५, सांगली-कोल्हापुरातील ऑगस्ट २०१९ आणि चिपळुणातील जुलै २०२१ या पुरांत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरांतही विकल्या जाऊ शकतात. आसनपट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिल्यास एरवी गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेषा सापडते. विक्रीपूर्वीच्या साफसफाईत ही जागा सहसा विसरली जाते.

"सर्व्हिसिंग झाले आहे"

या विधानाला कोणते काम, किती किलोमीटरला आणि कोणत्या बिलावर, हे कळल्याशिवाय अर्थ नसतो. जास्त धावलेल्या गाडीत विशेष चौकशी करण्याजोगा भाग म्हणजे टायमिंग बेल्ट, म्हणजेच क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांच्या गती एकमेकींशी जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा, जो बदलण्याची मुदत निर्माता किलोमीटर आणि वर्षे अशी दोन्ही प्रकारे ठरवून देतो आणि जो चालत्या इंजिनात तुटल्यास पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते. डिझेल डस्टरमध्ये असा पट्टा आहे. डिझेल स्विफ्टमधील फियाटच्या १.३ लिटर इंजिनात त्याऐवजी साखळी आहे. साखळीही कालांतराने ताणली जाते, पण बहुधा खडखडाट करून आधी कळवते. पट्टा सहसा कळवत नाही.

इंजिनाची प्रकृती जाणण्यासाठी ते थंड असताना सुरू होऊ द्यावे असा आग्रह ग्राहकाने धरणे गैर नाही, आणि विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर त्यामागचे कारण विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. निळसर धूर वंगणतेल जळत असल्याचे, काळा धूर इंधन पूर्ण न जळल्याचे, तर गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर बहुधा शीतक आत झिरपत असल्याचे लक्षण मानला जातो. मेकॅनिक चालू इंजिनाच्या तेलाचे झाकण उघडून तेथे हात धरतात. हाताला दाब लागून धूर भसाभसा येत असेल, तर पिस्टनच्या कड्या झिजून ज्वलनाचे वायू खाली निसटत आहेत, म्हणजे गॅरेजच्या भाषेत इंजिन 'बॅक कम्प्रेशन' मारते आहे, असा अर्थ घेतला जातो.

डिझेल गाडी जास्त टिकते हेही अर्धसत्य आहे. इंजिनाचा गाभा दणकट असतो हे खरे, पण त्याभोवतीचे टर्बो आणि इंजेक्टर महाग असतात, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकानंतरच्या डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडवणारी जी गाळणी असते ती शहरातल्या लहान लहान फेऱ्यांत पुरेशी तापत नसल्याने तुंबू लागते. रोज कॉलेज किंवा कार्यालयापर्यंत पाच किलोमीटर जाणाऱ्यासाठी स्वस्तात मिळालेली जुनी डिझेल एसयूव्ही ही बहुधा चुकीची निवड ठरते.

पंधरा वर्षांनंतर भंगार

महाराष्ट्रात खासगी मोटार पंधरा वर्षांची झाली म्हणून ती आपोआप बाद होत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार तिची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि योग्यता तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते; फक्त त्यासाठीचे शुल्क १ एप्रिल २०२२ रोजी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले होते आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील ज्या बंदीची चर्चा होते, ती राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१४-१५ मधील आदेशांतून आली, ती दिल्ली व राजधानी परिसरापुरती होती आणि तेथेही तिच्या अंमलबजावणीचा प्रश्न पुढे पुन्हा पुन्हा न्यायालयात गेला. त्या बंदीमुळे उत्तरेकडून स्वस्त गाड्या येतात हे खरे असले, तरी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या गाडीला तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो, त्यामुळे किमतीतील फरकाचा बराचसा भाग तेथेच खर्ची पडतो.

पैसे दिले, किल्ली घेतली, व्यवहार संपला

सर्वांत महागात पडणारा गैरसमज यंत्राविषयी नसून कागदांविषयी आहे. विक्रेत्याने सह्या करून दिलेले कोरे फॉर्म २९ आणि ३०, ज्यांना बाजारात टीटी फॉर्म म्हणतात, जवळ असले की गाडी आपली झाली असे मानले जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र नोंदणी प्राधिकाऱ्याकडे ज्याचे नाव आहे तोच मालक असतो. राज्यांतर्गत विक्रीत विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत हस्तांतरण कळवावे, असे अधिनियमाच्या कलम ५० मध्ये म्हटले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मधील एका निकालात, गाडी एकामागून एक अनेक हातांत गेलेली असूनही, अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरले. म्हणून हस्तांतरणाची घाई विक्रेत्यालाही असायला हवी. ती त्याला नसेल तर हे लक्षण चांगले नव्हे. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचे बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ यांशिवाय नोंदणीवरचा बँकेचा बोजा उतरत नाही, आणि विक्रेता 'हप्ते संपले' असे तोंडी सांगत असला तरी नोंदणीपत्रावर बँकेचे नाव कायम असू शकते.

विम्याच्या बाबतीत गोंधळ अधिक सूक्ष्म आहे. कलम १५७ नुसार गाडी विकली जाताच तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते, आणि त्यावरून संपूर्ण पॉलिसीच आपली झाली असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण विमा कंपनीने पॉलिसी नव्या नावावर केल्याशिवाय मिळत नाही. त्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करायचा असतो. तसेच दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, जी पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, ती गाडीची नसून विमाधारक व्यक्तीची असते, म्हणून ती जुन्या मालकाकडेच राहते आणि नव्या मालकाला पॉलिसी नावावर करताना तिची फरकाची रक्कम भरावी लागते.

परदेशी चित्रफिती पाहून काही तरुणांची अशी समजूत होते की कमी वयामुळे विमा फार महाग पडेल, म्हणून गाडी वडिलांच्या नावावर घ्यावी. ब्रिटनमध्ये वयाचा विमाहप्त्यावर मोठा परिणाम होतो हे खरे. भारतात मात्र तिऱ्हाइत विम्याचा हप्ता सरकार ठरवते आणि तो इंजिनाच्या क्षमतेवर अवलंबून असतो. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार खासगी मोटारीसाठी तो १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा ठरला. चालक एकोणीस वर्षांचा आहे की साठ वर्षांचा, याचा त्यात संबंध नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांवर अठरा टक्के दर ठरवला, तेव्हा संपूर्ण किमतीवर कर लागणार अशी आवई उठली होती. तो कर नोंदणीकृत व्यावसायिकाच्या नफ्यावर आहे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला स्वतःची गाडी विकल्यास तो लागत नाही.

शिकाऊ हाताला जुनीच गाडी बरी

ओरखडे पडले तरी हळहळ वाटू नये, एवढ्यापुरता हा युक्तिवाद ठीक आहे, परंतु अननुभवी चालकालाच सुरक्षा उपकरणांची गरज अधिक असते हे त्यात निसटते. ग्लोबल एनकॅप या संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये भारतातील पाच लोकप्रिय छोट्या मोटारींच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले, तेव्हा प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी त्या पाचही मोटारींना शून्य तारे मिळाले होते. नव्या मोटारींत चाके जाम होऊ न देणारी ब्रेकप्रणाली, म्हणजे एबीएस, एप्रिल २०१९ पासून, चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग २०२२ च्या आरंभापासून सर्वत्र बंधनकारक झाली. त्यामुळे तीस हजार किलोमीटर धावलेल्या २०१३ च्या पायाभूत आवृत्तीपेक्षा एक लाख किलोमीटर धावलेली, नियमित निगा राखलेली २०१९ च्या उत्तरार्धातील गाडी नवशिक्यासाठी सामान्यतः अधिक समंजस खरेदी ठरते, मग मीटर काहीही म्हणो.

अर्थात एअरबॅग असणे आणि ती चालू असणे यांत फरक आहे. किल्ली फिरवताच एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझला पाहिजे. तो विझत नसेल तर बिघाड आहे, आणि तो मुळीच लागत नसेल तर अपघातात उघडलेली एअरबॅग परत न बसवता दिवाच काढून टाकलेला असण्याची शक्यता असते. टायरच्या बाजूवरील चार आकडी क्रमांकही याच वेळी पाहावा, कारण त्यातील पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. ३२१७ असे लिहिलेला टायर २०१७ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला असतो, आणि त्याची नक्षी कितीही ताजी दिसली तरी नव्या चार टायरांचा खर्च किमतीच्या बोलणीतच वजा करून घ्यावा लागतो.