निसर्ग पाहणारे आणि निसर्गात राबणारे

बालकवींची (१८९०-१९१८) ‘श्रावणमास’ ही कविता आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केली आहे. मुले ती मोठ्याने म्हणू लागली की दहा बाय दहाच्या खोलीतही हिरवे वाटते. कवी थोर, यात वाद नाही. पण आम्हाला राहून राहून प्रश्न पडतो, की त्या हिरवळीवर गवत कापणारी बाई कुठे गेली?

ती भेटते उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) मध्ये. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या टोपल्या, सुपे वगैरे. कोकणातल्या आपल्या आयाबहिणी लाकडांचे, गवताचे भारे डोक्यावर घेऊन डोंगरवाटांनी रत्नागिरीचा बाजार गाठत. इथे डोंगर हा देखावा नाही, पायांना लागणारी वाट आहे. लेखिकेची आई ज्या बांबूची आयदाने विणते, त्यावर घर चालते.

दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) चे नावच पाहा! गावकी करणाऱ्याला शेतकऱ्याच्या पिकातून मिळणारा वाटा म्हणजे बलुते. डोलणाऱ्या कणसांवर लिहिणारे पुष्कळ झाले. खळ्याच्या कडेला वाट्यासाठी ताटकळणाऱ्याला तीच कणसे कशी दिसत असतील?

पाण्याचेही तसेच. चवदार तळ्यात गुरेढोरे तोंड घालत, पाखरे चोच बुडवत, मात्र आपल्या माणसाने ओंजळ भरली की विटाळ! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ती ओंजळ भरली. हायकोर्टाने तो हक्क मान्य करायला १९३७ साल उजाडले. एवढे झाल्यावर आमच्या लेखकाने झुळझुळ झऱ्यावर लिहायचे तरी कसे?

तरी आपल्या परंपरेला निसर्गाचा आनंद ठाऊक नाही, असे कुणी म्हणू नये. पालीतील ‘थेरगाथा’ वाचा. महाकाश्यप स्थविर मोरांच्या केकांनी दुमदुमणाऱ्या डोंगरांत रमलेले दिसतील. त्याच ग्रंथात सुनीत थेर आहेत. हलक्या मानलेल्या कुळात जन्मलेले, सुकलेली फुले झाडून पोट भरणारे. पुढे तेच भिक्खू होऊन अरण्यात एकटे राहिले. फुलांवर कविता उदंड आहेत, पण सुकलेली फुले उचलणाऱ्याने स्वतः सांगितलेले आम्ही इथेच वाचले.

यंदाच्या पावसाळ्यात मुलांकडून ‘श्रावणमास’ म्हणून घ्या, ‘आयदान’ची चार पाने वाचून दाखवा. आजी घरात असेल तर तिला विचारा, श्रावणात ती कुणाच्या शेतावर निंदणीला जायची आणि मजुरी काय मिळायची.