चित्रामागच्या भिंतीचा रंग : पाच गैरसमज

प्रदर्शन पाहून आलेला माणूस चित्रांबद्दल बोलतो, चित्रकाराबद्दल बोलतो, फार तर गर्दीची तक्रार करतो. भिंतीचा रंग कोणता होता, असं विचारलं तर बहुतेक जण ‘पांढरा असेल’ म्हणून मोकळे होतात. पण चित्र उजळ दिसणार की मळकट, हे बऱ्याच अंशी ती भिंतच ठरवते. तिच्याविषयीचे पाच पक्के गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १ : संग्रहालयांच्या भिंती पूर्वीपासून पांढऱ्याच.

वस्तुस्थिती : एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या मोठ्या चित्रसंग्रहालयांचा आवडता रंग गडद लाल होता. सोनेरी चौकटी त्यावर खुलतात, जुन्या तैलचित्रांतले तपकिरी रंगही उठून दिसतात, हा त्यामागचा हिशेब. आजचा झगझगीत पांढरा तर तेव्हा बाजारातच नव्हता. तो ज्या टायटॅनियम डायऑक्साइडपासून बनतो, त्याचं व्यापारी उत्पादन पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झालं. न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट १९२९ मध्ये उघडलं, तेव्हा पहिले संचालक आल्फ्रेड बार यांनी फिक्या बदामी कापडाने भिंती मढवल्या आणि चित्रं एका ओळीत, ऐसपैस अंतर सोडून टांगली. पुढे भिंती पांढऱ्या झाल्या आणि ही पद्धत जगभर गेली. तिचा जोर इतका, की ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधली वास्तुविशारद पिएर काउपर्स यांची १८८५ ची रंगीत भित्तिनक्षी विसाव्या शतकात पांढऱ्या रंगाखाली गाडली गेली. २०१३ मध्ये संग्रहालय पुन्हा खुलं झालं तेव्हा ती परत आणलेली होती.

गैरसमज २ : पांढरा रंग तटस्थ असतो, तो चित्रात ढवळाढवळ करत नाही.

वस्तुस्थिती : पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणले जात. तिथल्या काळ्या सुतात दम नाही, अशी तक्रार आली. रंगाई विभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी तपासणी केली. सुताचा रंग पक्का निघाला. दोष होता शेजारच्या निळ्या-जांभळ्या सुताचा. शेजारी कोण आहे यावर रंग कसा दिसेल हे ठरतं, हा नियम त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. त्यात चौकटी आणि चित्रदालनाच्या भिंती यांचाही विचार आहे.

पांढरं या नियमातून सुटत नाही. १९६१ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत मार्क रॉथको यांचं प्रदर्शन होतं. भिंतींचा पांढरा अंबर (तपकिरी मातीरंग) घालून मळका करा, त्यात किंचित लाल टाकून ऊब आणा, अशी सूचना त्यांनी लेखी दिली होती. कारण त्यांच्या चित्रांत लाल भरपूर, आणि फार पांढऱ्या भिंतीवर ती चित्रं हिरवट दिसू लागतात.

म्हणून पांढरा चूकच, असंही नाही. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत आठवड्यागणिक प्रदर्शन बदलतं. अशा ठिकाणी खिळ्यांची भोकं बुजवून एक हात मारला की भिंत पुढच्या चित्रकारासाठी तयार. ही सोय मोठी आहे. पण सोय म्हणजे तटस्थता नव्हे.

गैरसमज ३ : गडद भिंतीवर चित्र काळवंडतं.

वस्तुस्थिती : सराफ मोत्याची नथ पांढऱ्या कागदावर ठेवून दाखवत नाही, गडद मखमलीवर ठेवतो. डोळा समोरच्या सगळ्यात उजळ पृष्ठभागाशी जुळवून घेतो. तो पृष्ठभाग भिंत असेल तर चित्रच अंधारं वाटतं.

लघुचित्रं, जलरंग, पैठणीसारखी वस्त्रं यांवर प्रकाश साधारण ५० लक्सच ठेवतात, नाहीतर रंग उडतात. उघड्या उन्हात हा आकडा लाखाच्या घरात जातो. इतक्या मंद उजेडात पांढरी भिंत चित्रावर कुरघोडी करते. करडी किंवा गर्द निळी मागे सरते. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाने २०११ च्या नूतनीकरणात इम्प्रेशनिस्ट चित्रांमागे गडद करडा दिला तो याच विचाराने.

गैरसमज ४ : नक्षीचं कापड, वॉलपेपर दिवाणखान्यात शोभतात, संग्रहालयात लक्ष विचलित होतं.

वस्तुस्थिती : बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयाच्या डच दालनात भिंतींवर हिरवं नक्षीदार कापड आहे. १९९० मध्ये या संग्रहालयातून १३ कलाकृती चोरीला गेल्या. मांडणी बदलायची नाही, असं संस्थापिकेचं मृत्युपत्र. त्यामुळे रिकाम्या चौकटी अजून टांगलेल्या आहेत आणि रेम्ब्राँच्या चित्राच्या जागी आतून ते कापड दिसतं. अँडी वॉरहॉलने तर १९६६ मध्ये पिवळ्यावर गुलाबी गायींची तोंडं छापलेला वॉलपेपरच कलाकृती म्हणून लावला. आपल्याकडे भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात (इमारत १८७२ ची) हिरवट भिंती आणि सोनेरी मुलाम्याची नक्षी हा वास्तूचाच भाग आहे. पथ्य एकच: नक्षीतला उठाव चित्रातल्या उठावापेक्षा कमी हवा.

गैरसमज ५ : हाताला लागेनासा झाला की रंग वाळला, चित्रं टांगा.

वस्तुस्थिती : वरून सुकलेला रंगही कितीतरी दिवस वाफा सोडत राहतो. ऑइलपेंटमधून निघणारी आम्लं शिसं, शिंपले, जुने कागद यांना घातक. बंद काचपेटीत तर ती साचूनच राहतात. म्हणून संवर्धक पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक इमल्शन निवडतात आणि साधारण चार आठवडे थांबतात. शंका असेल तर ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडलेली चाचणी करतात. रंगाचा किंवा वॉलपेपरचा नमुना, चांदी, तांबं व शिशाच्या पट्ट्या आणि थोडं पाणी बंद बाटलीत घालून ६० अंश सेल्सियसला २८ दिवस ठेवायचं. पट्ट्या डागाळल्या तर तो माल दालनाबाहेर.

गावातल्या सभागृहात प्रदर्शन भरवणाऱ्यांना हे सगळं शक्य नसतं, पण एक गोष्ट सहज जमते. शेडकार्डावरच्या बोटभर तुकड्यावरून रंग ठरवू नका. प्लायच्या मोठ्या फळीवर दोन हात मारा, दालनातल्याच दिव्याखाली ती उभी करा, प्रदर्शनातलं एक चित्र तिच्यावर अडकवा आणि सकाळ-संध्याकाळ पाहा. आधी भिंतच नजरेत भरत असेल, तर दुसरा डबा उघडा.