स्टेशनपुरती चालणारी गाडी आणि चिकटलेला व्हॉल्व्ह

कल्याणपलीकडच्या आंबिवली, मोहने, अटाळीतल्या कितीतरी घरांपुढे गाडी उभी असते, पण कामाला जायचे तर कसारा लाइनची लोकलच. गाडी स्टेशनपर्यंत सोडायला, रविवारी कल्याणच्या बाजाराला. पावसाळ्यात तर आठवडेच्या आठवडे कव्हरखाली. ‘किलोमीटर बघा किती कमी झालेत,’ असे मालक कौतुकाने सांगतो आणि बॉनेटखालून टिक-टिक ऐकू येत असते.

लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरला टेकवा, मूठ कानाला लावा. आवाज तिथेच मोठा येत असेल तर दुखणे व्हॉल्व्हच्या आसपास आहे. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेते तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो. त्याची दांडी ज्या गाइडमधून सरकते, तिथली मोकळीक मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच. हायड्रॉलिक टॅपेट असेल तर मामला आणखी नाजूक. त्याच्या आतल्या प्लंजरभोवतीची फट काही मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉन जाड असतो. ऑइलच्या दाबाने टॅपेट भरतो, आतली गोळी तोंड बंद करते आणि कॅम व व्हॉल्व्हमधली फट भरून निघते. गोळीखाली कचऱ्याचा एक कण अडकला, की ऑइल निसटते आणि टॅपेट वाजू लागतो.

कचरा येतो कुठून? एक लिटर पेट्रोल जळले, की साधारण एक लिटर पाणी तयार होते. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते. थोडी पिस्टन रिंगांना चुकवून खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन नीट तापले तर ती उडून जाते. पण डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचे तापमान दाखवतो, ऑइलला तापायला त्याहून बराच वेळ लागतो. तेवढ्यात स्टेशन येते आणि चावी बंद होते. पाणी, काजळी, अर्धवट जळलेले पेट्रोल ऑइलमध्येच राहते. अशा गाडीचे ऑइल टाकायचे झाकण उघडून पाहा, आतून कॉफीच्या रंगाची साय धरलेली दिसते.

दुसरा गुन्हेगार टाकीतला. उभ्या गाडीतल्या पेट्रोलचे काही घटक हवेतल्या ऑक्सिजनशी जुळत जाऊन डिंकासारखे होतात. हलका भाग उडतो, चिकट थर इनटेक व्हॉल्व्हच्या दांडीवर वाळतो. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल ओलावा ओढून घेते.

टॅपेट वाजू लागला, की पहिला विचार सेटिंगचा येतो. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा मोटारींचा कारखाना होता, त्यामुळे या पट्ट्यात पद्मिनी गाडीचे इंजिन ओळखणारे हात पुष्कळ. त्या इंजिनात रॉकरला स्क्रू असायचा. फिलर गेजची पाती घालून टॅपेट सेट करणे हे घरच्या घरी होणारे काम. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीच्या टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 पासून बाद झाल्या. स्विफ्ट डिझायरच्या 1.3 लिटर डिझेल इंजिनात मात्र हायड्रॉलिक टॅपेट आहेत. तिथे सेट करायला काही नसतेच, तरी ‘टॅपेट सेटिंग करून द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक असते आणि त्याचे पैसे घेणारेही!

उपाय स्वस्तापासून सुरू करावा. डिपस्टिकवर ऑइलची पातळी बघा. कमी असेल तर टॅपेटपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. मग गाडीच्या पुस्तकात दिलेल्याच ग्रेडचे नवे ऑइल आणि फिल्टर, आणि मुरबाडमार्गे माळशेजच्या पायथ्यापर्यंत, ऑइल नीट तापेल अशी, एकसारख्या वेगात फेरी. सुटलेला मळ ऑइलमध्ये येतो, म्हणून पुढचा ऑइल बदल लवकर करावा. वर्षानुवर्षे गाळ साठलेल्या इंजिनात जोरदार फ्लश ओतू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गाळाचे तुकडे सुटून तळाच्या गाळणीत अडकले तर ऑइल वर चढतच नाही.

बरेच महिने उभ्या गाडीला थेट सेल्फ मारणे त्याहून वाईट. उघडा राहिलेला व्हॉल्व्ह काही इंजिनांत वर येणाऱ्या पिस्टनवर आपटतो. पेट्रोल गाडीचे प्लग काढा, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, चालते त्याच दिशेने फिरवा. अडले तर जोर करू नका. टॅपेट कव्हर काढल्यावर चिकटलेला व्हॉल्व्ह लगेच ओळखता येतो: स्प्रिंग दबलेली, रॉकर सैल. दांडीच्या मुळाशी गंज सोडवणारे ऑइल मारून रात्रभर थांबावे.

तरीही हलला नाही तर दोरीची युक्ती. छोट्या विमानांचे मेकॅनिकही ती वापरतात. पिस्टन थोडा खाली असताना प्लगच्या भोकातून स्वच्छ नायलॉनची दोरी आत सारायची, शेपूट बाहेर ठेवायचे. पिस्टन हळूच वर आणला, की दोरीची गादी व्हॉल्व्हला खालून आधार देते आणि हेड न उतरवता स्प्रिंग काढता येते. मग पिस्टन जरा खाली घेऊन दांडीवर ऑइल सोडत ती बोटांनी गोल फिरवायची आणि वर-खाली करायची. व्हॉल्व्ह पूर्ण सुटा करून दोरी ओढू नका. तो सिलिंडरमध्ये पडला, की हेड उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

पुरात बुडालेल्या गाडीला यातले काही चालत नाही. 26 जुलै 2005 ला उल्हास आणि काळू नद्यांचे पाणी चढले, तसे पाणी इंजिनात शिरले तर दांडीवर आणि गाइडमध्ये गंज धरतो. तो डिंकासारखा विरघळत नाही, धातूच खातो. तिथे हेड उतरवून गाइड आणि व्हॉल्व्ह तपासावे लागतात, व्हॉल्व्ह बैठकीवर घासून लॅपिंग करावे लागते, आणि परत बसवताना हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने टॉर्क पान्यानेच आवळावे लागतात. तो पाना घरी नसेल तर गाडी टो करून गॅरेजला न्यावी.