भाजे लेण्यांच्या पायथ्याशी तीन दिवस

सोनईत शनिवार म्हणजे शिंगणापूरच्या गर्दीचा दिवस. अशाच एका शनिवारी आम्ही चौघी उपासिका घोडेगावहून पुण्याच्या एस.टी.त बसलो. "मागे स्वयंपाक कोण करणार?" असे सासूबाईंनी विचारलेच. पुढे लोकलने मळवली, तिथून पायी भाजे.

'सद्धम्म प्रदीप' हे शिबिर केंद्र लेण्यांच्या पायथ्याशी आहे. धम्मचारी लोकमित्र यांनी १९७९ साली सुरू केलेल्या व आज त्रिरत्न बौद्ध महासंघ या नावाने चालणाऱ्या कार्यातून ते उभे राहिले.

पहाटे वंदना, आनापानसती, मग श्रमदान. मौन सोपे गेले (बायकांविषयी कोणी काही म्हणो!). अवघड गेली मेत्ता भावना. आधी स्वतः, मग मित्र, मग तटस्थ व्यक्ती, आणि चौथ्या पायरीवर शत्रू. डोळे मिटताच लहानपणी आमची कपबशी वेगळी ठेवणारा हॉटेलवाला समोर आला. त्याच्याविषयी मैत्री? हक्क सोडायचा नाही, मनातला द्वेष सोडायचा, असे धम्मचारिणींनी समजावले. मला ते पुरते पटले नाही. तरी तिन्ही दिवस बसले.

निघण्यापूर्वी लेणी पाहिली. चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. स्तूपासमोर त्रिशरण म्हटले.

घरी आल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न, "तिथं म्हाताऱ्या माणसांना घेतात का गं?"