गळती म्हणजे नेमके काय?

बिदर जिल्ह्यातील औराद-भालकी किंवा कलबुर्गीकडील आळंद या सीमाभागातील तालुक्यांत ‘गळती’ (शिक्षण पुरे होण्याआधी शाळा सुटणे) हा शब्द हजेरीपटावरून नाव कमी होण्याच्या दिवसाशी जोडला जातो. वस्तुतः तो दिवस केवळ दप्तरातील नोंदीचा असतो. माळवद गळते ते तुळई मोडल्यावर नव्हे. पांढऱ्या मातीतील बारीक भेगेतून ओल आधीपासूनच मुरत असते. दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीस किंवा हैदराबादेस मजुरीला निघतात, थोरली मुलगी धाकट्याला सांभाळावयास बरोबर जाते, परत येते तो वर्ग अपूर्णांक संपवून पुढे गेलेला असतो. आणि मराठी शाळेतून कन्नड हायस्कुलात गेलेल्यास, कन्नड हा विषय शिकूनही, विज्ञान त्या भाषेत जड जाते. म्हणून चौकशी व्हावयाची ती तिसऱ्या-चौथ्या गैरहजेरीलाच. दाखल्यावाचून पुन्हा प्रवेश नाही, ही समजूतही खरी नव्हे: २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये ६ ते १४ वर्षांच्या मुलास वयानुरूप वर्गात बसता येते, दाखल्याच्या विलंबास्तव त्यास नाकारता येत नाही. चौदाव्या वर्षानंतर हे संरक्षण सरते, आणि नववी-दहावीचे वय नेमके तेच.