डोणगावच्या ठाण्यातले चोवीस तास

डोणगावच्या पोलीस ठाण्यात एखाद्याला अटक झाली की अटकेची वेळ नोंदवली जाते. समजा, रात्रीचे साडेनऊ. तिथून चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, म्हणजे मेहकरच्या कोर्टात, हजर करावंच लागतं. सूट मिळते ती फक्त प्रवासाच्या वेळेची. रविवार असो की लक्ष्मीपूजन, सुट्टीतही रिमांडसाठी कुणीतरी न्यायाधीश नेमलेला असतो. पुढे पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळणार की नाही, हे ठाणेदाराच्या हातात नाही. मंत्रालयातून फोन आला तरी नाही. बंदूक, बेड्या आणि लॉकअपची किल्ली ज्यांच्याकडे आहे, त्यांना घड्याळाचं ऐकावं लागतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

नियम तसा इंग्रजांच्या काळातला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो होताच. म्हणून सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो घटनेत घालायचा प्रस्ताव मांडला तेव्हा संविधान सभेत विचारणा झाली, यात नवीन ते काय? जीवित आणि स्वातंत्र्याच्या कलमातून संसदेला फार मोकळीक दिली गेली, ही बोच बाबासाहेबांनाही होती. त्याची भरपाई म्हणून ते हे कलम आणत होते. त्यांचं उत्तर असं, की साधा कायदा विधिमंडळाला केव्हाही रद्द करता येतो, पण तीच तरतूद घटनेत गेली की संसद आणि प्रांतांची विधिमंडळं दोघांचेही हात बांधले जातात. आजचं कलम २२ ते हेच. शब्द जवळपास जुनेच राहिले, पण फौजदारावरचं बंधन आता कायदा करणाऱ्यांवरही आलं!

मात्र याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेला वगळलं आहे, आणि ही फट फार महागात पडली. आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली हजारो लोक खटल्याविना तुरुंगात गेले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं, की त्यांना कोर्टात दाद मागता येणार नाही. त्या चौघांत पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड होते. एकटे उभे राहिले ते हंसराज खन्ना. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीवित आणि स्वातंत्र्याचं तेच कलम, म्हणजे कलम २१, आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तजवीज केली. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो जुना निकाल मोडीत काढला. वडिलांचं मत चूक होतं, हे निकालपत्रात लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय यशवंत चंद्रचूड.

कलम २२ अजूनही नवं काही देतंच आहे. अटकेची कारणं सांगायलाच हवीत, असं ते पहिल्यापासून म्हणतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये, अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की ही कारणं लेखी द्यायची आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची. डोणगावात बहुतेकांसाठी ती भाषा मराठीच.