डाव मोडणे आणि जग पुसणे

भंडारा शहराची ख्याती पितळी भांड्यांचे गाव म्हणून दीर्घकाळ चालत आली आहे. पोचे पडलेले किंवा फुटलेले भांडे दुकानी परत गेले की त्याला 'मोड' म्हणतात. ही मोड वजनावर घेतली जाते, तिचे मोल नव्या भांड्याच्या किमतीतून वजा होते, आणि भट्टीत वितळून तिचे पुन्हा भांडे होते. 'मोडीत काढणे' या वाक्प्रचारास आज टाकून देण्याचा अर्थ चिकटला असला, तरी बाजारात मोडीला भाव असतो. 'मोडणे' या क्रियेत आकार नाहीसा होतो व द्रव्य शिल्लक राहते, हे येथे प्रथम लक्षात घ्यावयाचे आहे. संगणकीय खेळांतील एका नव्या कृतीला मराठीत कोणते क्रियापद शोभेल, या प्रश्नाचा उलगडा त्यावरून बराचसा होतो.

लाइफ सिम्युलेशन, म्हणजेच जीवनानुकारी, खेळांत खेळणारा एखादे गाव, शेत वा घर वसवितो. तेथे शेजारी येतात, झाडे वाढतात, आणि ते सारे जग यंत्रात जतन होते. कित्येक खेळाडू महिनोन्‌महिने वसविलेले असे जग एके दिवशी आपण होऊन नाहीसे करतात व पहिल्यापासून आरंभ करतात. या कृतीला डाव मोडणे म्हणावे काय?

'मांडणे' व 'मोडणे' ही जोडी मराठीत फार खोल रुजलेली आहे. पहिल्याचे मूळ संस्कृत 'मण्डयति', प्राकृत 'मंडेइ' यांत आहे, आणि दुसऱ्याच्या मागे प्राकृत 'मोडेइ' उभे आहे. डाव मांडतात व मोडतात, दुकान मांडतात व मोडतात, संसाराचेही तेच. भातुकलीत हा व्यवहार उघड्या डोळ्यांना दिसतो. घरातून हाक आली की खेळ मोडतो, इवलीशी भांडी टोपलीत जातात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यांतून नवा संसार उभा राहतो. त्या मोडण्याचे दुःख कोणी करीत नाही, कारण मोडणे हा खेळाचाच भाग असतो. विदर्भातील भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला बसते व आश्विन पौर्णिमेला उठते. तो दिवस पंचांगाने ठरलेला असतो, कोणा मुलीला तो ठरवावा लागत नाही.

यंत्रातील जगाला असा शेवट नाही. जपानी निंटेंडो कंपनीच्या 'अॅनिमल क्रॉसिंग' या खेळमालिकेचा आरंभ 2001 साली झाला. तिच्यातील काळ खऱ्या घड्याळाप्रमाणे चालतो. खेळणारा झोपला तरी तेथली सकाळ होतेच. 20 मार्च 2020 रोजी आलेल्या 'न्यू होरायझन्स' या खेळात एका यंत्रावर खेळाडूचे स्वतःचे असे एकच बेट वसविता येते. नवे बेट हवे असल्यास जुने समूळ काढावे लागते. येथे टोपलीत परत ठेवण्याजोगी भांडी उरत नाहीत. म्हणून 'मोडणे' अपुरे पडते व 'पुसणे' अधिक चपखल ठरते. (मराठीत 'पुसणे' दोन आहेत: एक 'प्रोञ्छति'पासून आलेले, दुसरे 'पृच्छति'पासून. यंत्र पुसण्यापूर्वी पुसते, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.)

व्याकरणाची बाजू याहून महत्त्वाची आहे. 'मोडणे' सकर्मकही आहे व अकर्मकही. 'मुलीने डाव मोडला' यातील कर्ता गाळला की 'डाव मोडला' एवढेच उरते, आणि तो आपोआप मोडला की कोणी मोडला हे कळेनासे होते. वर्तमानकाळात ही सोय नाही. 'डाव मोडतो' व 'मुलगी डाव मोडते' यांत गोंधळ होत नाही. बोलभाषेतील 'उडणे' व 'उडविणे' यांत मात्र निवड स्पष्ट करावी लागते. यंत्र बिघडून गेलेल्या जगाविषयी 'उडाले' म्हणणे यथार्थ आहे. स्वतः पुसलेल्या जगाविषयी तोच शब्द वापरणारा आपले कर्तृत्व झाकतो.

मग पुसल्यानंतर काहीच उरत नाही काय? 'द सिम्स' (2000) या खेळाचा कर्ता विल राइट याचे घर 1991 साली कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या वणव्यात जळाले, आणि गृहस्थी नव्याने उभारताना आलेल्या अनुभवातून त्या खेळाची कल्पना वाढली. वस्तू गेल्या, तरी कोणती वस्तू खरोखर लागते याचे ज्ञान उरले. जग पुसणाऱ्या खेळाडूपाशीही अशीच मोड असते: घरे कोठे बांधू नयेत, कोणत्या कामात दिवस फुकट गेले, हे त्याला ठाऊक झालेले असते. त्यामुळे त्याचा दुसरा डाव 'पुन्हा मांडलेला' नसतो, 'नव्याने मांडलेला' असतो. 'पुन्हा' आवृत्ती सांगतो, 'नव्याने' बदल सांगतो. बोलताना हा भेद सहसा पाळला जात नाही, पण येथे तो पाळावयास हवा.

एक अडचण मात्र राहते. त्या एका बेटावर घरातील धाकट्या भावंडाचेही घर असू शकते, आणि बेट गेले की तेही जाते. यंत्र विचारते ते हातात यंत्र असलेल्याला. भावंडाला कोणी विचारीत नाही. ठरल्या वेळेआधी, सोबत्यांना न विचारता केलेल्या अशा कृतीला भातुकलीच्या अंगणात वेगळे क्रियापद होते: डाव 'उधळणे'.